हाड धरेपर्यंत

डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ मी गेल्या मे महिन्यात काढून घेतली. तिच्या जागी कॅप बसली ती यंदाच्या मार्चमध्ये, रंगपंचमीच्या दोन दिवस आधी. मधल्या दहा महिन्यांतले शेवटचे साडेतीन, म्हणजे जबड्यात इम्प्लांट (दाताचं धातूचं कृत्रिम मूळ) बसवल्यापासून वर कॅप चढेपर्यंतचे, मला सविस्तर लिहायचे आहेत. तेव्हा मी ओळखीतल्या चार-पाच जणांना विचारलं होतं, "तुमचं कसं झालं?" सगळ्यांनी शस्त्रक्रियेचा दिवस सांगितला. किती वेळ लागला, किती दुखलं, किती पैसे गेले. दुखणं थांबल्यावर आणि दात बसायच्या आधी काय होतं, हे कोणालाच नीट आठवत नव्हतं. माझी खरी परीक्षा तिथेच झाली.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात बावीस वर्षं काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि थ्रेड गेज. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दाढ जायचं कारण साधं. सहा वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनॉल झालं होतं. तेव्हाच्या दवाखान्यात "कॅप नंतर बघू" म्हणाले आणि दुखणं थांबल्यावर मीही तिकडे फिरकलो नाही. रूट कॅनॉल केलेली दाढ आतून पोकळ झालेली असते, वर कॅप नसेल तर चावताना ती उभी चिरू शकते, हे मला तेव्हा कोणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. एप्रिलमध्ये भाजलेले शेंगदाणे खाताना कट्‌कन आवाज झाला. चीर मुळापर्यंत गेली होती, दाढ वाचवण्यासारखी उरली नव्हती.

नव्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना कॉलेज रोडला आहे. दाढ काढल्यावर त्यांनी आधी खड्डा भरून येऊ दिला. सप्टेंबरमध्ये सीबीसीटी स्कॅन केला, म्हणजे जबड्याचं थ्रीडी चित्र. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. इम्प्लांटचं टोक आणि ती नस यांत निदान २ मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. माझ्या हाडात तेवढी जागा होती. काम अडलं ते साखरेवर. एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.१ निघालं.

"आठच्या वर असताना मी तुमच्या हाडाला हात लावणार नाही," मॅडम म्हणाल्या. "साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हाडही नीट धरत नाही. तीन महिने घ्या, मग बोलू."

मला त्यांचा हा नकार फार पटला. पैसे घेऊन लगेच काम उरकणारा माणूस असं बोलत नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, रात्रीचा भात बंद झाला, आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पाऊण तास चालणं सुरू झालं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आकडा ७ वर आला.

शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी झाली. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भुलीचं इंजेक्शन एवढंच काय ते दुखलं. पुढचा पाऊण तास मंद गतीच्या ड्रिलची थरथर आणि सतत सोडलेलं पाणी. पाण्याचं कारण मी नंतर विचारलं. हाड तापलं तर त्या जागेच्या पेशी मरतात. आमच्याकडेही ड्रिलिंग करताना कूलंट सोडतात, पण तिथे टूल जपायचं असतं.

बसवण्याआधी मॅडमनी ते इम्प्लांट मला दाखवलं होतं, निर्जंतुक नळीतच, हात न लावता. ४.३ मिलिमीटर व्यास, १० मिलिमीटर लांबी, टायटॅनियम. बाहेरून आटे, आणि पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला. आम्ही पृष्ठभाग गुळगुळीत झाला की नाही ते तपासतो, इथे हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळावी म्हणून उलटं केलेलं. शेवटी त्यांनी टॉर्क रेंच लावला आणि असिस्टंटला म्हणाल्या, "पस्तीस." पस्तीस न्यूटन-सेंटिमीटर. आमच्याकडे आठ एमएमचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात, त्याच्या सत्तराव्या भागाएवढंच हे बळ. पण जिवंत हाडाला तेवढं पुरतं. पक्की पकड मिळाल्यामुळे त्यांनी हिरडी पूर्ण शिवून न टाकता इम्प्लांटवर हीलिंग कॅप लावली आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाके घातले. ही कॅप म्हणजे एक चपटं बुटकं झाकण. हिरडी त्याच्याभोवती भरून येते आणि पुढच्या दातासाठी गोल वाट तयार राहते.

रिक्षाने इंदिरानगरला घरी आलो. तोंडात कापसाची घडी दाबलेली, ओठ बधिर. मला धास्ती होती ती या ओठाची. नस दुखावली तर बधिरपणा उतरत नाही, हे मी आधी वाचून ठेवलं होतं. दर दहा मिनिटांनी आरशासमोर उभा राहून हनुवटीवर नखाने हळूच रेघ ओढून पाहायचो. एक वाजला, दोन वाजले, काही कळेना. पावणेचारला बायकोने थंड दुधाचा पेला दिला आणि पेल्याचा काठ ओठाला गार लागला. मी तसाच पेला धरून बसलो. तिने विचारलं, "अहो, काय झालं?" मी नुसती मान हलवली. ते दूध मी फार हळूहळू प्यालो.

पहिल्या रात्री दुखणं गोळीच्या आटोक्यात होतं. सूज मात्र लगेच येत नाही. शनिवारी थोडी होती, रविवारी गाल टम्म फुगला, सोमवारी सकाळी सर्वांत जास्त. मी घाबरून फोन केला. मॅडम म्हणाल्या, "दोन ते तीन दिवसांनी सूज चढतेच, तिसऱ्या दिवसानंतर उतरली नाही किंवा ताप आला, पू आला, तर ताबडतोब या." पहिले दोन दिवस गालाला बाहेरून बर्फ, रुमालात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचा, मग तेवढंच थांबायचं. दोन उशा घेऊन झोपायचं. चोवीस तास गुळण्या नाहीत, जोराने थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, कारण जखमेवर जमलेली रक्ताची गाठ निघून आली तर भरणं लांबतं. मंगळवारी सूज उतरली आणि गालावर पिवळट डाग राहिला तो चार दिवस.

आईचं वय ७४. तिच्या मते दातावर लवंगेचं तेल हवंच.

"अरे, थोडंसं बोळ्यावर लाव. तुझ्या वडिलांना तेच देत होते मी."

"आई, उघड्या जखमेवर ते पोळतं. मॅडमनी नको म्हटलंय."

मग तिने आपला जीव जेवणात ओतला. मुगाची आसट खिचडी कोमट करून, वरून तूप. नाचणीची आंबील ताकातली. दुधी वाफवून दह्यात. पाचव्या दिवशी ज्वारीची भाकरी दुधात तासभर भिजवून कुस्करून दिली, तेव्हा मला आपण जेवल्यासारखं वाटलं. सगळं उजव्या बाजूने. जखम धुण्यासाठी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश होतं. त्याने दहा दिवस चहाची चव गेली आणि समोरच्या दातांवर तपकिरी झाक आली. ती नंतर क्लीनिंगमध्ये निघाली.

दहाव्या दिवशी टाके काढले. दुखणं संपलं होतं. सूज नव्हती. कारखान्यात जाऊ लागलो होतो. आणि इथून पुढे काहीच घडेना.

हे "काहीच घडत नाही" प्रकरण मला जड गेलं. जिभेला ती हीलिंग कॅप लागायची, गार आणि गुळगुळीत, हिरडीच्या जेमतेम वर. गोल, मधोमध षटकोनी खाच. त्या खाचेत पोह्यांतली मोहरी बरोबर जाऊन बसायची. दुखत नाही म्हणजे बरं झालंय, असं मनाने धरून टाकलं. विसाव्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "लगेच कॅप बसवली तर?"

त्यांनी कागदावर आटे काढून दाखवले. "आज तुमचं इम्प्लांट आट्यांच्या जोरावर उभं आहे. भिंतीत स्क्रू बसतो तसं. पण आट्यांनी दाबलेलं जुनं हाड शरीर आता हळूहळू काढून टाकतंय. त्या जागी नवं हाड येतंय, ते आधी कच्चं असतं. जुनी पकड सुटत चाललीय आणि नवी अजून यायचीय, असा मधला काळ असतो, तिसरा-चौथा आठवडा. तुम्हाला एकदम छान वाटतं, आणि इम्प्लांट सर्वांत नाजूक असतं ते तेव्हाच."

हे मला शस्त्रक्रियेच्या दिवशी सांगितलं असेलही, पण डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने लागतात, वरच्याचं हाड विरळ असल्यामुळे तिथे जास्त.

टायटॅनियमलाच हाड का धरतं, हे मी घरी येऊन शोधलं. पेर-इंग्वार ब्रोनमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५२ साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिली इम्प्लांट्स बसवली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ती टिकली होती. टायटॅनियमवर हवेत आल्याबरोबर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि हाड खरं तर त्या थराला धरतं. ओझरला विमानं जुळवतात तिथे हा धातू हाताळणारे माझे मित्र आहेत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं.

एवढं सगळं कळूनही चूक माझ्याच हातून झाली.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सिन्नर तालुक्यात मेव्हण्यांच्या शेतावर गेलो. ज्वारी हुरड्याला आली होती. सकाळची थंडी, गोवऱ्यांची आगटी, राखेतून काढलेली गरम कणसं तळहातावर चोळून मेव्हणे पुढे करत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी. हुरडा मऊ असतो, म्हणून मी बेसावध राहिलो. गप्पांच्या नादात घास डावीकडे कधी गेला कळलंच नाही. चटणीतल्या एका अख्ख्या दाण्यावर करकन चावलो, तेव्हा थांबलो.

दुसऱ्या दिवशी दात घासताना जिभेला वेगळं काही लागलं. बोट लावलं. झाकण हललं.

हललं म्हणजे अगदी थोडंसं, गोल फिरल्यासारखं. मी बेसिनच्या कडेला धरून उभा राहिलो. चौथा आठवडा. सगळं सांगितलेलं, कागदावर काढून दाखवलेलं. साखर सातवर आणायला घेतलेले ते महिने डोळ्यांपुढून गेले. त्या दिवशी दवाखाना बंद होता. एक अख्खा दिवस मी कोणाशी बोललो नाही, आणि पाणीसुद्धा उजव्या गालात धरून प्यालो.

सोमवारी मॅडमनी आधी बोटाने पाहिलं, मग छोट्या चावीने झाकण काढलं. एका फेऱ्यात सुटलं. "फक्त हीलिंग कॅपचा स्क्रू ढिला झालाय," त्या म्हणाल्या. "इम्प्लांट हलत नाहीये. पण नुसतं म्हणून उपयोग नाही, मोजून बघू."

त्यांनी इम्प्लांटवर एक बारीक खुंटी बसवली आणि पेनासारखं यंत्र तिच्याजवळ धरलं. यंत्र चुंबकाने ती खुंटी थरथरवतं आणि किती कंप होतो त्यावरून आकडा देतं, एक ते शंभर. आम्ही ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी लाकडाच्या मुठीने टोकून आवाज ऐकतो. खणखणीत आला तर चाक चांगलं, बद्द आला तर आत तडा. तत्त्व तेच. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझा आकडा ७१ होता. आता ६४ आला.

माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "घाबरू नका. या आठवड्यात तो थोडा उतरतोच. पण आता ऐका. हाड भरत असताना इम्प्लांट शंभर-दीडशे मायक्रॉनच्या वर हलत राहिलं, तर भोवती हाडाऐवजी नुसता धागेदार पडदा तयार होतो. मग ते कधीच घट्ट होत नाही, काढावंच लागतं."

शंभर मायक्रॉन. मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तेवढ्या फरकासाठी मी पार्ट लाल पेटीत टाकतो. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. मला कोणी "जपा" म्हणालं असतं तर मी हो म्हणून विसरलो असतो. मायक्रॉन म्हटल्यावर मात्र आतपर्यंत पोहोचलं.

"आणि जीभ लावता का तिथे सारखी?" त्यांनी विचारलं. लावत होतो. कामात विचार करताना, बसमध्ये, झोपताना. झाकण सैल व्हायला ते एक कारण असू शकतं म्हणाल्या. हाताने पुन्हा आवळून दिलं.

त्यानंतरचे अडीच महिने मी ती बाजू तान्ह्या मुलासारखी सांभाळली. संक्रांतीला तिळगूळ घेतला तो हातात, खाल्ला नाही. गंगापूर रोडला मित्रांबरोबर रविवारची मिसळ खायला गेलो तेव्हा पापड बाजूला सारला, फरसाण रश्श्यात पूर्ण भिजू दिलं आणि पाव बुडवून उजवीकडून खाल्ला. आमच्या लाइनवरचा एक सहकारी तंबाखू मळतो. त्याच्या भावाचं इम्प्लांट बसलंच नाही, तो सिगारेट सोडू शकला नव्हता. त्या सहकाऱ्याला मी रोज डब्याच्या वेळी सांगत राहिलो. धुराने हिरडीचा आणि हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तंबाखूची गोळी गालात ठेवली की जखमेजवळच बसते. त्याने सोडली नाही, कमी केली.

रात्री झोपताना मऊ ब्रशने झाकणाच्या कडेकडेने फिरवायचं, हिरडीला न रगडता. पहिल्या महिन्यात हिरडी तिथे लालसर होती. जानेवारी संपता संपता आरशात पाहिलं तर झाकणाभोवती फिकट गुलाबी गोल कडा धरला होता, शिवणीसारखा घट्ट. हाड दिसत नाही, ते आत आपलं काम करतं. हा कडा मात्र दिसत होता, आणि मी रोज पाहत होतो.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा खुंटी, पुन्हा ते पेन. ७६.

मॅडमनी आकडा माझ्याकडे वळवून धरला. "हाड धरलं," एवढंच म्हणाल्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या बायकोला फोन लावला.

पुढचं झपाट्याने झालं. स्कॅनरने तोंडाचं माप घेतलं, शेजारच्या दातांशी रंग जुळवला, लॅबमधून झिर्कोनियाची कॅप दहा दिवसांनी आली. जुन्या नाशकात रंगपंचमीसाठी रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या होत्या, दवाखान्यातला असिस्टंट तिवंध्याचा, तो त्याच घाईत होता. कॅप इम्प्लांटवर स्क्रूने आवळली, परत पस्तीस न्यूटन-सेंटिमीटर, आणि वरचं भोक दाताच्या रंगाच्या सिमेंटने बुजवलं.

मग मॅडमनी चिमट्यात एक चकचकीत पट्टी धरली, कागदाहून पातळ. "आठ मायक्रॉन," त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "हलकेच चावा." मी चावलो. त्यांनी ओढली, पट्टी सुळ्ळकन निघून आली. "आता जोरात." या वेळी ती अडकली. त्यांनी मान डोलावली. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, चावताना तो किंचित दबतो आणि किती जोर पडतोय ते कळतं. इम्प्लांट थेट हाडाला धरलेलं, त्याला ती गादी नाही. म्हणून हलक्या चाव्याला ते समोरच्या दाताला टेकू द्यायचं नाही, सगळे दात दबल्यावरच त्याने भार घ्यायचा. फीलर गेजची पातळ पट्टी घालून फट तपासतात तशी ही तपासणी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पार्टची केली होती.

संध्याकाळी आईने ज्वारीची भाकरी केली. तव्यावरून काढून पापुद्र्याचा कडक तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

"डावीकडे घाल."

घातला. चावलो. दाढेला फारसं काही जाणवलं नाही, पण दहा महिन्यांनी पहिल्यांदा तो कुरकुर आवाज डाव्या कानात आला. आईने विचारलं, "लागतंय का रे?" मी नाही म्हटलं आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.